साठीनंतर पुन्हा सायकल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बऱ्याच वर्षांनी सायकलकडे वळणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत एक गोष्ट सतत डोकावेल, ती आधीच सांगून टाकतो. या वयात सायकल निवडताना ती पळते कशी यापेक्षा तिच्यावर चढता-उतरता कसं येतं याला जास्त महत्त्व द्या. चालत्या सायकलवर तोल सहसा जात नाही. तो जातो निघताना, थांबताना आणि मागे वळून बघताना.

१. चाळीस वर्षं सायकलला हात लावलेला नाही. आता जमेल का?

जमेल. तोल सांभाळणं शरीर विसरत नाही. सुरुवातीला हँडल थरथरतं, मग हळूहळू हात सैल पडतात. विसरायला होतं ते वेगळंच: एका हाताने हँडल धरून दुसऱ्याने इशारा करणं, मान वळवली तरी सायकल सरळ ठेवणं आणि अचानक थांबावं लागलं तर विचार न करता पाय टेकणं.

दोन पावलं पळून टांग टाकायची जुनी सवय असेल तर ती आता सोडा. दोन्ही ब्रेक दाबून धरा, सायकल आपल्या बाजूला थोडी कलती करा आणि पाय पलीकडे न्या. एक पॅडल पुढे आणि वर आणून त्यावर पाय ठेवा, ब्रेक सोडा, पॅडलवर भार देऊन निघा आणि त्याच ओघात सीटवर बसा. थांबताना याच्या उलट: वेग कमी करा, सीटवरून पुढे सरका, एक पाय जमिनीवर टेका. रिकाम्या मैदानात पहिले काही दिवस एवढंच करा, निघणं आणि थांबणं. कंटाळवाणं आहे हे मान्य, पण रस्त्यावर उपयोगी पडतं ते हेच.

२. माझं वय ७४ आहे. घरचे म्हणतात, आता हे वय आहे का? खरंच काही वयोमर्यादा असते का?

आकड्यात सांगता येईल अशी मर्यादा नाही. फ्रान्सचे रोबेर मार्शां यांनी २०१२ साली, शंभरी गाठल्यावर, एका तासात २४ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापलं. २०१४ मध्ये त्यांनी तो आकडा जवळपास २७ किलोमीटरवर नेला आणि २०१७ मध्ये, वयाच्या १०५व्या वर्षी, तासात साडेबावीस किलोमीटर सायकल चालवली. तुम्ही त्यांच्यासारखं करावं म्हणून हे सांगत नाही. वय हा निकष पुरेसा नाही, एवढंच यातून घ्या.

स्वतःला चार गोष्टी विचारा. भिंतीजवळ उभं राहून, भिंतीला हात न लावता, एका पायावर दहा सेकंद उभं राहता येतं का? खांद्यावरून मागे बघता येतं का? मागून येणाऱ्या वाहनाचा आवाज नीट ऐकू येतो का? जमिनीवर बसल्यावर कुणाच्या मदतीशिवाय उठता येतं का? चारही उत्तरं ‘हो’ असतील तर घरच्यांची समजूत घालायला हरकत नाही. पहिलं किंवा शेवटचं ‘नाही’ असेल तर काही आठवडे तोलाचा आणि मांड्यांच्या ताकदीचा व्यायाम करा आणि मग सायकल काढा. मान वळत नसेल तर प्रश्न १४ पाहा.

३. डॉक्टरांना विचारायलाच हवं का?

हृदयविकार, छातीत दुखणं, आटोक्यात नसलेला रक्तदाब, चक्कर येणं, मधुमेहाची औषधं किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यातलं काहीही असेल तर हो. डॉक्टरांना नुसतं ‘व्यायाम करू का?’ असं विचारू नका. ‘सायकल चालवणार आहे, आठवड्यातून इतके दिवस, इतका वेळ’ असं सांगा. तोल आणि पडण्याचा धोका त्यांच्या लक्षात यायला हवा.

औषधांचा विषय हमखास राहून जातो. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्यांची गुंगी सकाळपर्यंत टिकते. बीटा-ब्लॉकर गटातली (रक्तदाब आणि हृदयविकारावर दिली जाणारी) औषधं नाडीचा वेग वाढू देत नाहीत, त्यामुळे घड्याळातल्या हृदयाच्या ठोक्यांवरून आपण किती जोर लावतोय हे कळत नाही. त्यापेक्षा बोलून पाहा: पूर्ण वाक्य बोलता आलं, पण गाणं म्हणता आलं नाही, तर जोर मध्यम आहे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज ठेवावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल प्रश्न १८ पाहा.

४. दुकानात शंभर प्रकार दिसतात. माझ्यासाठी कुठला?

डांबरी रस्ता, थोडे खड्डे, तासाभराची फेरी, एवढंच करायचं असेल तर सरळ बसून चालवायची सिटी सायकल किंवा हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधला प्रकार) घ्या. बाकीचे बहुतेक प्रकार तिथेच बाद होतात.

वाकड्या हँडलची रोड बाइक हलकी असते, पण तिच्यावर पुढे वाकून बसावं लागतं आणि रस्त्याकडे बघायला मान वर उचलावी लागते. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांना हे झेपत नाही. माउंटन बाइकचे दातेरी टायर डांबरावर घरघरतात आणि दमवतात. स्वस्त सायकलींचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर मी तरी टाळायला सांगतो. त्यांनी वजन वाढतं, धक्के फारसे शोषले जात नाहीत आणि बिघडले की कुणी दुरुस्त करत नाही. तोच आराम ३८ ते ४५ मिलिमीटर रुंदीच्या टायरमधून मिळतो, फक्त त्यात हवा बेताची हवी. ४० मिलिमीटरचा टायर आणि मध्यम बांध्याचा माणूस असेल तर ४० ते ५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) पुरे. टायरच्या कडेवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

दुकानात आणखी एक करून पाहा: सायकल दोन पायऱ्या वर उचला. हायब्रिड साधारण १२ ते १५ किलोची असते. घरी जिना असेल तर रोज तीच कसरत करावी लागणार आहे.

५. मी पुरुष आहे. दुकानदार ‘लेडीज’ फ्रेम घ्या म्हणतो. हसतील लोक.

हसू द्या. आडवा दांडा नसलेल्या, मधे खाली झुकलेल्या फ्रेमची सायकल या वयात मी सगळ्यांत आधी सुचवतो, स्त्री असो वा पुरुष. सीटमागून पाय फिरवताना एका पायावर उभं राहावं लागतं, कंबर वळवावी लागते आणि कॅरियरवर पिशवी असली तर टाच तिला अडकते. तोल जाण्याची ही सगळ्यांत सोपी जागा. खालच्या फ्रेममध्ये पाय पुढून आत जातो आणि गडबडीत उतरायचं झालं तर दांडा मधे येत नाही. हल्ली अशा फ्रेमला ‘स्टेप-थ्रू’ म्हणतात आणि ती पुरुषांच्या उंचीतही मिळते.

एकच तोटा: दांडा नसल्यामुळे साध्या बनावटीची फ्रेम जड सामान लादल्यावर थोडी लवचिक वाटते. चांगल्या फ्रेममध्ये खालचा पाइप जाड केलेला असतो. दांडा हवाच असेल तर उतरता दांडा घ्या आणि सायकलच्या मधोमध उभं राहून दांड्यात आणि तुमच्यात दोन-तीन बोटं तरी अंतर आहे ना ते पाहा.

६. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत ना?

यावर सगळ्यांत जास्त वाद होतो आणि दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. पाय टेकले की धीर येतो. पण सीट तेवढी खाली असली की पॅडल वर येताना गुडघा फार दुमडतो आणि काही दिवसांत कुरकुरायला लागतो. नेहमीची योग्य उंची अशी काढा: टाच पॅडलवर ठेवा, पॅडल सगळ्यांत खाली न्या, पाय सरळ झाला पाहिजे. मग तळव्याचा पुढचा भाग पॅडलवर ठेवला की गुडघा आपोआप जरासा वाकलेला राहतो. या उंचीवर बसल्या जागी फक्त चवडे टेकतात, कधी तेही नाही. म्हणूनच थांबताना सीटवरून पुढे उतरायचं (प्रश्न १).

सुरुवातीचे दिवस सीट खाली ठेवा, मग दर आठवड्याला बोटभर वर घ्या. सीटचा पाइप वर घेताना त्यावरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

पाय टेकल्याशिवाय भीती जातच नसेल तर पॅडल थोडी पुढे बसवलेल्या सायकली मिळतात. त्यात पाय पुढे पसरतात, त्यामुळे सीट खाली असूनही गुडघा फार दुमडत नाही. चढावर त्या जरा सुस्त असतात, पण भित्र्या मनाला यापेक्षा चांगली तडजोड मला माहीत नाही.

७. सायकल चालवली की गुडघे दुखतात. बंद करू?

आधी दुखतंय कुठे ते पाहा. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीपाशी दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे किंवा तुम्ही जड गिअर रेटताय. मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट फार वर असू शकते. जड गिअरवर हळूहळू रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा, मिनिटाला ६० ते ८० फेऱ्या. संधिवात असलेल्या अनेकांना चालण्यापेक्षा सायकल सोपी जाते, कारण शरीराचा भार सीट उचलते. पण गुडघा सुजत असेल, अडकत असेल किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल तर सीटशी खेळत बसू नका, दाखवून घ्या.

८. सीट टोचते. जाड जेलचं कव्हर घालू का?

कव्हरने पहिली दहा मिनिटं बरं वाटतं, मग मऊ भाग मधोमध वर येऊन नको तिथे दाबतो. भार बसण्याच्या दोन हाडांवर यायला हवा. तुम्ही जितके सरळ बसता तितकी सीट मागे रुंद लागते. ती जमिनीला समांतर ठेवा. सुरुवातीला हाडं दुखणं साहजिक आहे, दोन-तीन आठवड्यांत सवय होते. बधिरपणा मात्र साहजिक नाही: मांड्यांच्या मधे बधिर वाटलं तर मधे खाच असलेली सीट घ्या आणि अधूनमधून पॅडलवर उभे राहा.

९. हाताला मुंग्या येतात, ब्रेकही जोरात दाबला जात नाही.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंग्या येतात म्हणजे शरीराचा भार हातांवर पडतोय. हँडल उंच करा किंवा जवळ घ्या, आणि सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर सरळ करा, कारण त्यामुळे तुम्ही पुढे घसरत राहता. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळहाताला आधार देणाऱ्या रुंद मुठी बसवून पाहा.

ब्रेकचं म्हणाल तर बहुतेक लिव्हरमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर मुठीजवळ येतो. हे काम फुकटात होतं आणि बहुतेकांनी केलेलं नसतं. तरीही बोटं दुखत असतील तर हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक पाहा, त्यांना बोटभर जोर पुरतो. एक सावधगिरी: उजवा लिव्हर काही सायकलींत पुढचा ब्रेक लावतो, काहींत मागचा. नवी सायकल घेताना आधी हे पाहा. थांबवण्याची ताकद मुख्यतः पुढच्या ब्रेकमध्ये असते. दोन्ही एकत्र, हळूहळू दाबा.

१०. किती गिअर हवेत? २१ की २४?

आकडा विसरा. सगळ्यांत हलका गिअर किती हलका आहे ते पाहा. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चक्राइतके किंवा कमी असतील तर बहुतेक चढ बसूनच पार होतात. पुढे एकच चक्र आणि मागे सात-आठ असतील तर एकच हात वापरावा लागतो, गोंधळ होत नाही. मागच्या चाकाच्या हबमध्ये (मधल्या तुंब्यात) बंद असलेले गिअर महाग आणि जड असतात, पण उभ्या सायकलवरही बदलता येतात. जड गिअरमध्ये थांबून पुन्हा निघताना धडपडणाऱ्यांसाठी ते वरदान आहेत.

११. ई-बाइक घेतली तर व्यायाम होतो का? की ती फसवणूक?

होतो. पॅडल मारल्यावरच मोटर मदत करते अशी सायकल असेल तर पाय फिरतात, श्वास वाढतो आणि चढाच्या भीतीने घरी बसणारा माणूस बाहेर पडतो. फसवणूक म्हणणाऱ्यांचे गुडघे नवे असावेत.

निवडताना सेन्सर कुठला आहे ते नक्की विचारा. स्वस्त सायकलींत पाय फिरतायत एवढंच ओळखणारा सेन्सर असतो. त्यात मोटर क्षणभर उशिरा आणि एकदम ढकलते, वळणावर किंवा गर्दीत याचा त्रास होतो. पॅडलवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असेल तर मदत पायाच्या प्रमाणात मिळते. साठीनंतर मी दुसरा प्रकारच घ्यायला सांगेन, भले बॅटरी लहान असो.

दुसरा मुद्दा वजन: २० ते २५ किलो. उभी असताना ती कलंडली तर सावरणं कठीण जातं. बॅटरी काढून उचलून पाहा, स्टँड दणकट आहे ना पाहा. नियम देशागणिक बदलतात. युरोपीय संघात २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, अशी सायकल साधी सायकलच मानली जाते.

१२. तोल जातो म्हणून तीनचाकी घेऊ का?

थांबल्यावर तोल जात असेल, पार्किन्सन्स किंवा पक्षाघातानंतर एक बाजू कमजोर असेल, तर जरूर विचार करा. पण तीनचाकी पडत नाही हा समज चुकीचा आहे. दुचाकी वळताना आत झुकते, साधी तीनचाकी झुकत नाही. वेगात वळलात तर आतलं चाक उचललं जातं. दुचाकी चालवलेल्या माणसाला ती सुरुवातीला रस्त्याच्या उताराकडे ओढतेय असं वाटतं. वळणाआधी वेग कमी करायचा आणि अंगाने झुकण्याऐवजी हँडल वळवायचं, हे नव्याने शिकावं लागतं. घेण्यापूर्वी दाराची रुंदी मोजा.

१३. माळ्यावर जुनी सायकल आहे. तीच काढू की नवी घेऊ?

आधी तीच काढा, पण हवा भरून लगेच निघू नका. टायरच्या कडांना भेगा, कडक झालेले ब्रेकचे रबर, गंजलेल्या ब्रेक-वायर या तीन गोष्टी बदलाव्याच लागतात. चेन, छर्रे आणि ग्रीस मेकॅनिककडून पाहून घ्या. हँडल आणि सीटचे पाइप फ्रेममध्ये गच्च बसून हलत नसतील तर उंची जुळवता येत नाही, आणि मग ती सायकल तुमच्या आताच्या शरीराला बसणार नाही. तिशीत वाकून चालवलेली सायकल पासष्टीत तशीच मानवेल, याची खात्री कुणी देऊ नये. सायकल बसत नसेल तर मोह सोडा.

१४. मान मागे वळत नाही. रस्त्यावर जाऊ की नको?

हँडलला आरसा लावा, जमल्यास दोन्ही बाजूंना. आरशात अंतराचा अंदाज फसतो, म्हणून जोरदार वाहतुकीत वळायचंच असेल तर कडेला थांबा, उतरा आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडा. यात कमीपणा काही नाही. भडक कपडे आणि दिवसाही चालू दिवे ठेवा. वयाबरोबर डोळ्यांत कमी प्रकाश शिरतो आणि समोरच्या दिव्यांनी जास्त चमकतं, त्यामुळे तिन्हीसांजेनंतरच्या फेऱ्या टाळलेल्या बऱ्या.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, आडवं बसलं पाहिजे आणि पट्टा हनुवटीखाली घट्ट हवा. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी बदला.

१५. रोज किती चालवावी?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आणि ६५ वर्षांपुढच्यांनाही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तिथे पहिल्याच आठवड्यात पोचायची घाई नको. एक दिवसाआड पंधरा-वीस मिनिटं, मग हळूहळू वाढवा. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे येताना दमलेले असाल तेव्हा तो मदत करेल. या वयात तहान उशिरा जाणवते, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

आणि एक: सायकलवर हाडांवर भार पडत नाही, म्हणून हाडांसाठी तिचा उपयोग कमी. चालणं आणि ताकदीचे व्यायाम सोडू नका. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल तर पडण्याचा धोका डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. घरातली व्यायामाची सायकल हा तिथे चांगला मार्ग आहे. पायांना आणि दमाला ती पुरते, तोल मात्र शिकवत नाही.

१६. मी ६२ वर्षांची आहे, आयुष्यात कधीच सायकल चालवलेली नाही. शिकता येईल?

येईल, आणि मागून कुणी धरून पळायची गरज नाही. मेकॅनिककडून दोन्ही पॅडल काढून घ्या (डाव्या पॅडलचा आटा उलटा असतो, त्यामुळे घरी खटपट करणारे तो हमखास बिघडवतात). दोन्ही पाय पूर्ण टेकतील इतकी सीट खाली करा आणि सपाट जागेत पायांनी ढकलत चला. मग पाय उचलून तरंगत जा. नजर चाकावर नको, लांब समोर. पाय उचलून आरामात दहा-पंधरा मीटर जाता आलं की आधी एक पॅडल लावा, मग दुसरं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घाला.

१७. गुडघ्याची किंवा खुब्याची वाटी बदलली आहे. चालेल?

बहुतेकांना चालतं, पण कधी ते सर्जननेच सांगायचं. गुडघा बदलल्यावर व्यायामाची सायकल अनेकदा उपचाराचाच भाग असते. पॅडलची पूर्ण फेरी होण्यासाठी गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. तो थोडासा कमी पडत असेल तर लांबी कमी असलेला क्रँक (ज्याच्या टोकाला पॅडल बसतं तो दांडा) बसवा: नेहमीच्या १७० मिलिमीटरऐवजी १६० किंवा त्याहून आखूड. हा उपाय दुकानदार स्वतःहून क्वचित सांगतात. खुबा बदलल्यावर सुरुवातीच्या काळात तो फार दुमडायचा नसतो, त्यामुळे उंच सीट आणि दांडा नसलेली फ्रेम (प्रश्न ५) हवीच.

पुरुषांसाठी एक वेगळी सूचना: प्रोस्टेटची पीएसए रक्ततपासणी करायची असेल तर आधीचे ४८ तास सायकल चालवू नका, आकडा उगाच वाढलेला येऊ शकतो.

१८. पडलो तर काय करू?

लगेच उठू नका. आधी रस्त्यावर धोका नाही ना ते पाहा, मग हात-पाय हलवून बघा. कंबरेपाशी किंवा जांघेत दुखत असेल आणि पायावर भार देता येत नसेल तर चालून बघण्याचा हट्ट नको, खुब्याचं हाड मोडलेलं असू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना डोकं आपटलं असेल तर अगदी ठीक वाटत असलं तरी त्याच दिवशी रुग्णालयात जा. आतला रक्तस्राव काही तासांनी लक्षात येतो. अशी गोळी चालू असल्याची चिठ्ठी, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर खिशात किंवा हेल्मेटच्या आत ठेवा. सायकल पुन्हा वापरण्याआधी हँडल चाकाशी सरळ आहे का, ब्रेक लागतात का आणि चाक कुठे घासत नाही ना, एवढं पाहून घ्या.